नॉर्मल, पण कुणाचं?

मंडळी, या वीकेंडचा लेख जरा जड विषयावर आहे. सिनेमा नाही, ट्रेक नाही, मॅनेजरची उणीदुणी तर अजिबात नाहीत. तरी शेवटपर्यंत वाचा. कारण आपल्या वयाच्या, म्हणजे पंचविशी-तिशीतल्या लोकांवर एक काम हल्ली कुणी न विचारता येऊन पडतं. घरात कुणाला कॅन्सर निघाला की फाइल आपल्या हातात येते. पीडीएफ आपल्या फोनवर येतात, इन्शुरन्सवाल्याशी आपणच बोलतो आणि "रिपोर्ट काय म्हणतोय रे?" हा प्रश्नही आपल्यालाच विचारला जातो.

यावर आपण सगळे एकच उत्तर देतो. "नॉर्मल आहे."

आज मला या एका शब्दाशी भांडायचंय. कॅन्सरची काही औषधं किडनीला इजा करतात आणि ती इजा पहिल्यांदा याच शब्दाच्या आड लपते, म्हणून.

आधी आपल्या धंद्यातलं उदाहरण. सर्व्हरवर अलर्ट लावताना आपण काय करतो? सीपीयू ९० टक्क्यांच्या वर गेला की मेल. सोपं, सुटसुटीत. पण जो सर्व्हर वर्षभर १० टक्क्यांवर निवांत बसलेला असतो, तो एका रात्रीत ४५ वर गेला तर? मेल येत नाही, कारण रेषा ओलांडलेलीच नाही. पण ज्याने चार रात्री प्रॉडक्शन सपोर्ट केलाय तो माणूस झोपेतून उठून लॉग उघडेल. त्याला ठाऊक असतं की आकडा किती आहे यापेक्षा तो किती हलला हे जास्त बोलतं.

ब्लड रिपोर्टवर मात्र आपण अजून ९० टक्क्यांच्याच मेलवर विसंबून आहोत. उजवीकडच्या कॉलममध्ये रेंज छापलेली असते. आकडा तिच्या आत असेल तर साध्या अक्षरात, बाहेर असेल तर ठळक. आपली नजर ठळक अक्षरं शोधत पानावरून खाली घसरते आणि काही सापडलं नाही की आपण सुटकेचा श्वास सोडतो.

आता औषधाकडे येऊ. किडनीला त्रास देणारी कॅन्सरची औषधं बरीच आहेत, पण मी एकच घेतो, सिसप्लॅटिन. कारण तोंडाच्या, घशाच्या, गर्भाशयमुखाच्या, फुप्फुसाच्या आणि अंडकोषाच्या कॅन्सरमध्ये ते वापरतात आणि यातले पहिले तीन आपल्या देशात घरोघरी ऐकू येतात.

याची जन्मकथा कुठल्याही इंजिनिअरला आवडेल अशी आहे. १९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत बार्नेट रोझेनबर्ग नावाचे फिजिक्सवाले गृहस्थ बॅक्टेरियांना वीज लावून बघत होते. पेशींचं विभाजन होताना आतले धागे लोहचुंबकाभोवतीच्या लोखंडाच्या किसासारखे दिसतात, म्हणून विजेचा काही परिणाम होतो का हे त्यांना पाहायचं होतं. झालं भलतंच. बॅक्टेरिया दुभंगायचे थांबले आणि शेवयांसारखे लांबच लांब वाढत गेले. शोध घेतल्यावर कळलं की वीज निर्दोष आहे. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून थोडं प्लॅटिनम द्रावणात उतरत होतं आणि त्यातून तयार होणारं संयुग हे सगळं करत होतं. गंमत म्हणजे ते संयुग मिकेले पेरोन नावाच्या इटालियन केमिस्टने १८४० च्या दशकातच बनवून ठेवलं होतं. शंभराहून जास्त वर्षं ते कपाटात पडून होतं, उपयोग कुणालाच माहीत नव्हता. (आपल्याकडेही रिपॉझिटरीत असा कोड असतो, पण त्यातून औषध निघाल्याचं ऐकिवात नाही.)

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे औषध माणसांना द्यायला लागले. गाठी वितळताना दिसल्या आणि त्याचबरोबर किडन्या बसताना दिसल्या. साधारण तिघांतल्या एकाच्या किडनीला पहिल्याच डोसनंतर इजा होत होती. औषध इथेच बाद व्हायचं. ते वाचलं ते एका साध्या उपायाने. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या डॉक्टरांनी १९७७ च्या सुमारास दाखवून दिलं की औषधाच्या आधी आणि नंतर भरपूर सलाईन दिलं आणि लघवी वाहती ठेवली तर किडनी बरीच वाचते. तिकडे इंडियाना युनिव्हर्सिटीत लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये अंडकोषाचा कॅन्सर सगळीकडे पसरलेल्या एका विद्यार्थ्याला हे औषध इतर दोन औषधांबरोबर दिलं आणि तो पोरगा बरा झाला. त्याआधी त्या अवस्थेत जगणारे फार थोडे असायचे. आज दहातले जवळपास आठ बरे होतात. १९७८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने सिसप्लॅटिनला परवानगी दिली.

म्हणजे नीट बघा. ज्या औषधाने हजारो तरुण पोरं वाचवली, ते औषध स्वतः सलाईनच्या बाटलीमुळे वाचलंय. किडनीची काळजी हा या उपचाराचा जोडधंदा नाही, तो उपचाराचाच भाग आहे. माझा सगळा मुद्दा या एका वाक्यावर उभा आहे.

मग इजा होते कशी? हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा दोन किडन्यांकडे जातो. प्रत्येक किडनीत दहाएक लाख गाळण्या असतात आणि सगळ्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. त्यातलं जवळजवळ सगळं गाळणीच्या पुढच्या बारीक नळ्या परत शोषून घेतात, म्हणून आपण दिवसभर बाथरूममध्ये बसलेलो नसतो. या नळ्यांच्या पेशींवर रक्तातला नको असलेला माल आत ओढून घेणारी दारं असतात. सिसप्लॅटिन नेमकं त्या दारांतून आत शिरतं आणि साठतं. रक्तात जेवढं असतं त्याच्या पाचपटीपर्यंत ते या पेशींमध्ये जमा होऊ शकतं. कचरा उचलणाऱ्या माणसालाच कचऱ्याचा त्रास जास्त, तसलाच प्रकार. त्या पेशी मरतात, गाळण्याचं काम मंदावतं आणि मॅग्नेशियमसारखे क्षार लघवीतून निसटायला लागतात.

त्यात एक फसवी गोष्ट आहे. किडनी बिघडली म्हणजे लघवी बंद होणार, अशी आपली समजूत असते. सिसप्लॅटिनच्या इजेत बऱ्याचदा लघवी चालूच राहते. त्यामुळे "लघवीला व्यवस्थित होतंय की" या वाक्यावर निर्धास्त राहता येत नाही. रक्तच तपासावं लागतं.

रक्तात काय तपासतात? क्रिएटिनिन. स्नायूंच्या रोजच्या कामातून पडणारा हा कचरा किडनी बाहेर टाकते. किडनी मंदावली की तो रक्तात साठतो. तपासणी स्वस्त, कुठल्याही तालुक्याच्या गावी होणारी. पण तिच्यात दोन खोड्या आहेत. पहिली, हा आकडा उशिरा हलतो. आज इजा झाली तर आकडा एक-दोन दिवसांनी चढायला लागतो आणि सिसप्लॅटिनच्या बाबतीत आठवडाभर चढत राहू शकतो. दुसरी खोडी जास्त महत्त्वाची. हा आकडा स्नायूंवर अवलंबून आहे. जिममध्ये जाणाऱ्या, दणकट बांध्याच्या माणसाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर ते त्याचं रोजचंच असू शकतं. पण किरकोळ अंगकाठीचा, त्यात आजाराने वाळलेला, तोंड सोलल्यामुळे धड जेवता न येणारा माणूस असेल तर? त्याच्याकडे कचरा तयार करायला स्नायूच कमी. त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं आणि त्याचं १.२ म्हणजे धोक्याची घंटा असते. रिपोर्टवर मात्र दोघांपुढे एकच रेंज छापलेली असते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये.

माझा मामा कऱ्हाडजवळच्या गावचा. वय ५८, शेती, आणि तंबाखू अर्थातच. गालाच्या आत कॅन्सर निघाला. पुण्यात ऑपरेशन झालं आणि नंतर सहा आठवडे रेडिएशन, सोबत दर सोमवारी सिसप्लॅटिन. रेडिएशन रोजचं, म्हणून मामा-मामी माझ्या फ्लॅटवर राहायला आले. दर शनिवारी सोसायटीखालच्या लॅबचा मुलगा येऊन रक्त घेऊन जायचा आणि संध्याकाळी पीडीएफ यायचं. क्रिएटिनिन पहिल्या आठवड्यात ०.७, दुसऱ्यात ०.७, तिसऱ्यात ०.८. चौथ्यात १.२. लॅबची रेंज होती ०.७ ते १.३. पानावर एकही ठळक अक्षर नव्हतं. फॅमिली ग्रुपवर तीन अंगठे आणि एक हात जोडलेलं चित्र आलं.

सोमवारी डे केअरमध्ये एक सिस्टर होत्या. सुई लावण्याआधी त्यांनी फाइलमधून आधीचा कागद काढला, नव्याच्या शेजारी ठेवला आणि मामाला विचारलं, "काका, या आठवड्यात पाणी पिताय ना? दुसरी काही गोळी घेताय का?"

मामा म्हणाला, "न्हाय ओ, दुसरं काय न्हाय."

मामी म्हणाली, "आवो, गुडघ्याची घेताय की रोज. तोंड दुखतंय म्हणून आता दोनदा घेताय."

गुडघ्याची गोळी म्हणजे डायक्लोफेनॅक. चार वर्षांपासून गावातल्या मेडिकलमधून आणलेली. ती कुठल्याच फाइलमध्ये नव्हती, कारण मामाच्या लेखी ते औषधच नव्हतं. ते गुडघ्याचं होतं! आणि तोंड आलेलं असल्यामुळे पाणी पिणं निम्म्यावर आलं होतं. सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावलं. त्या सोमवारी केमो झाली नाही. सलाईन, मॅग्नेशियम, गुडघ्याची गोळी बंद, दोन दिवसांनी पुन्हा रक्त. आठवड्याने गाडी रुळावर आली आणि उरलेले डोस सुरू झाले. सहापैकी पाच पूर्ण झाले. डॉक्टर म्हणाले, एकूण मात्रा हवी तेवढी पोचली, काळजी नको. मामाचं क्रिएटिनिन आता ०.९ वर स्थिरावलंय. ०.७ वर परत गेलं नाही.

आता हिशोब मांडू, कारण हिशोबाशिवाय आपलं समाधान होत नाही. किडनी मिनिटाला किती मिलीलिटर रक्त स्वच्छ करते याचा अंदाज काढायचं एक जुनं सूत्र आहे, कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं, १९७६ चं. १४० मधून वय वजा करा, त्याला वजनाने गुणा आणि ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. (बायकांसाठी आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणायचं.) सुरुवातीला मामाचं वजन ५२ किलो आणि क्रिएटिनिन ०.७. उत्तर येतं ८५. चौथ्या आठवड्यात वजन ४८, क्रिएटिनिन १.२. उत्तर ४६. म्हणजे जवळजवळ निम्मं! सिसप्लॅटिन द्यायचं तर हा आकडा ५० ते ६० च्या वर असावा, असं बहुतेक ठिकाणी धरतात. प्रामाणिकपणे सांगायचं तर क्रिएटिनिन रोज हलत असताना हे सूत्र नेमकं चालत नाही, ते स्थिर पाण्याचं सूत्र आहे. पण दिशा तर कळते? ८५ वरून ४६. आणि दोन्ही वेळेला पानावर काय? नॉर्मल, नॉर्मल.

किडनीच्या तज्ज्ञांना हे ठाऊक नाही असं मुळीच नाही. केडिगो नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१२ मध्ये किडनीच्या अचानक इजेची जी व्याख्या पक्की केली, तिच्यात "रेंजच्या बाहेर" असा शब्दच नाही. दोन दिवसांत ०.३ ने वाढ, किंवा सात दिवसांत स्वतःच्या आधीच्या आकड्याच्या दीडपट. क्रिएटिनिनपुरतं एवढंच. म्हणजे व्याख्याच फरकाची आहे आणि आपण छापतो ती मर्यादा. ०.८ वरून आठवड्यात १.२ म्हणजे बरोबर दीडपट. व्याख्येप्रमाणे इजा, कागदाप्रमाणे नॉर्मल. आता बोला!

यात लॅबची चूक म्हणाल तर नाही. त्यांनी मोजलेला आकडा बरोबरच होता. डॉक्टरांची? ते आधीचे आकडे बघतातच, पण ओपीडीत एका माणसाला मिळतात पाच मिनिटं आणि त्यात गाठ, जखम, तोंडातले व्रण, वजन, रेडिएशनची तारीख असं सगळं असतं. प्रश्न असा आहे की दोन कागद शेजारी ठेवायचं काम नेमकं कुणाचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. ज्या सिस्टरांना ती सवय आहे त्यांच्या खुर्चीवर तुमचा पेशंट बसला तर बरं, नाहीतर राम भरोसे. आपल्या भाषेत, या टिकेटला ओनरच नाही.

आणि हे काम मशीनचं आहे हो! मी रोज ज्या गोष्टींसाठी पगार घेतो त्यांच्या मानाने हे पोरखेळ आहे. त्याच माणसाची आधीची नोंद शोधा, भागाकार करा, दीडच्या वर आला तर एक ओळ छापा. मोठ्या लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये हा भागाकार आधीपासून असतो. त्याला डेल्टा चेक म्हणतात. नव्या आणि जुन्या आकड्यात फार फरक पडला तर नमुन्यांची अदलाबदल तर झाली नाही ना, हे बघायला लॅबवाले तो वापरतात. म्हणजे लॅब स्वतःच्या चुका पकडायला फरक बघते आणि पेशंटच्या हातात देताना तो फरक गाळून टाकते.

हे स्वप्नरंजन आहे असं वाटत असेल तर इंग्लंडकडे बघा. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, एनएचएसने, जून २०१४ मध्ये सगळ्या हॉस्पिटलांच्या लॅबना फर्मान काढलं की क्रिएटिनिनचा निकाल देताना तो त्याच पेशंटच्या आधीच्या आकड्यांशी ताडून बघायचा आणि ठराविक पटीत वाढ असेल तर इजेचा इशारा आपोआप डॉक्टरांकडे गेला पाहिजे. देशभर एकच सूत्र. नवं मशीन नाही, नवं औषध नाही, फक्त थोडा कोड.

आपल्याकडे अडचण अशी की आपला पेशंट एका लॅबला बांधलेला नसतो. एक रिपोर्ट हॉस्पिटलचा, एक सोसायटीखालचा, एक तालुक्याचा. बरोबर आहे. पण २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये आभा नंबरावर रिपोर्ट एकत्र जोडायची सोय केलेली आहे. नुसती पीडीएफची थप्पी एका जागी आणून काय मिळवलं? त्या थप्पीतून फरक काढून दाखवला तर त्या नंबराला अर्थ. आणि तेवढं होईपर्यंत निदान प्रत्येक लॅबने आपल्याकडचा मागचा आकडा नव्याच्या शेजारी छापावा. एक कॉलम. मागतोय तरी किती?

आता यावर दोन आक्षेप येतात, दोन्ही रास्त आहेत.

पहिला असा की लोक घाबरतील. प्रत्येक ०.१ च्या हालचालीला फोन येतील, आधीच गळ्यापर्यंत आलेल्या डॉक्टरांना कामच करू देणार नाहीत. खरं आहे. ज्या सिस्टममध्ये फार अलर्ट येतात तिथे लोक अलर्ट म्यूट करतात, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून तर मी ०.१ चं नाही, दीडपटीचं म्हणतोय. आणि खरं सांगायचं तर न घाबरलेल्या माणसापेक्षा वेळेवर घाबरलेला माणूस किडनीसाठी बरा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. असं काही लिहिलं की "केमो किडनी खाते" असा फॉरवर्ड तयार होतो आणि कुणीतरी उपचार सोडून काढ्याकडे वळतं. म्हणून हे स्पष्ट लिहितो. औषध कमी करणं हा फुकटचा सौदा नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ३०० पेशंटांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना रेडिएशनसोबत दर आठवड्याला सिसप्लॅटिनचा छोटा डोस दिला, शरीराच्या दर चौरस मीटरला ३० मिलिग्रॅम. उरलेल्यांना दर तीन आठवड्यांनी मोठा, १०० मिलिग्रॅमचा. मोठ्या डोसवाल्यांना गंभीर त्रास जास्त झाला. पण दोन वर्षांनी त्यांच्यातल्या सुमारे ७३ टक्क्यांमध्ये मूळ जागेचा कॅन्सर ताब्यात होता, छोट्या डोसवाल्यांमध्ये सुमारे ५८. त्रासाच्या भीतीने हात आखडता घेतला तर किंमत दुसरीकडे मोजावी लागते, ती अशी. पुढे २०२२ मध्ये जपानमधल्या अभ्यासात ऑपरेशननंतरच्या पेशंटांना आठवड्याला ४० मिलिग्रॅम दिल्यावर मोठ्या डोसच्या तोडीचा निकाल कमी त्रासात मिळाला. आणि ज्यांना सिसप्लॅटिन झेपणारच नाही, त्यांच्यासाठी टाटानेच रेडिएशनसोबत डोसिटॅक्सेल देऊन पाहिलं. २०२३ मध्ये आलेल्या त्या निकालात दोन वर्षांनी कॅन्सर परत न आलेल्यांचं प्रमाण नुसत्या रेडिएशनमध्ये ३० टक्के होतं, डोसिटॅक्सेलसोबत ४२.

म्हणजे डॉक्टरांकडे पर्याय आहेत. डोस थांबवता येतो, विभागता येतो, औषध बदलता येतं. काही ठिकाणी सिसप्लॅटिनचा धाकटा भाऊ कार्बोप्लॅटिन चालतो, किडनीला सौम्य पण रक्तपेशींना तापदायक. त्याचा डोस काढायचं १९८९ चं काल्व्हर्ट सूत्र आहे, त्यात तर किडनीचा आकडाच थेट घालावा लागतो. पण यातला कुठलाही पर्याय वापरायला आधी कळायला हवं, आणि वेळेत कळायला हवं. उपचार पूर्ण व्हावा म्हणून किडनी सांभाळायची. किडनी सांभाळायची म्हणून उपचार सोडायचा नाही.

तर, लॅब सुधारेपर्यंत फाइल ज्याच्या हातात आहे त्याने, म्हणजे तुम्ही-आम्ही, काय करायचं? माझी यादी छोटी आहे.

१. पहिल्या डोसच्या आधीचं क्रिएटिनिन फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. तो तुमच्या माणसाचा नॉर्मल. त्याखाली तारीख, क्रिएटिनिन आणि वजन असे तीन कॉलम. एक्सेलच पाहिजे असं नाही, वही चालते.

२. आकडा आधीच्या दीडपट झाला किंवा दोन दिवसांत ०.३ ने चढला, तर छापील रेंज काहीही म्हणो, पुढच्या डोसआधी डॉक्टरांना तोंडाने सांगा. फाइलमध्ये लावून ठेवलंय म्हणजे सांगितलं असं नाही.

३. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून पहिल्याच भेटीला न्या. गुडघ्याच्या, डोकेदुखीच्या, बीपीच्या, काढा, भस्म, सगळं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक ही वेदनाशामकं किडनीकडचा रक्तपुरवठा आवळतात. सिसप्लॅटिन चालू असताना ती विचारल्याशिवाय नकोतच. दुखतंय म्हणून सोसायचंही नाही. दुसरी औषधं आहेत, ती मागून घ्या.

४. पाणी किती प्यायचं हे लिटरमध्ये लिहून घ्या. "भरपूर" हा आकडा नाही. हृदयाचा त्रास असलेल्याचं भरपूर वेगळं असतं. उलट्या-जुलाब चालू आहेत किंवा तोंडामुळे पाणी जात नाही, तर सोमवारची वाट न बघता फोन करा. सलाईनने जे एका दिवसात निभावतं ते आठवड्याने निभावेलच असं नाही.

५. मॅग्नेशियमची तपासणी यादीत आहे का, विचारा. आणि मध्येच दुसऱ्या कुणी डाय टाकून सीटी स्कॅन किंवा अमिकासिनसारखं अँटिबायोटिक इंजेक्शन सांगितलं, तर "सिसप्लॅटिन चालू आहे" हे वाक्य आधी उच्चारा.

औषध दुसरं असेल तर यादी थोडी बदलते. मेथोट्रेक्सेट मोठ्या डोसमध्ये देतात तेव्हा त्याचे खडे किडनीच्या नळ्यांत अडकू शकतात, म्हणून लघवी अल्कलाइन ठेवतात आणि रक्तातली पातळी मोजतात. बेव्हासिझुमॅबमध्ये बीपी आणि लघवीतली प्रथिनं बघतात. निव्होलुमॅबसारख्या इम्युनोथेरपीत शरीराचीच प्रतिकारशक्ती किडनीवर उलटू शकते, तीही उपचार सुरू होऊन काही महिन्यांनी. "आमच्या औषधात किडनीसाठी काय बघायचं?" हा एकच प्रश्न पहिल्या दिवशी विचारला तरी पुरे.

आणि हो, शेवटचं रेडिएशन झालं की पेढे वाटा, जरूर वाटा, पण वही बंद करू नका. एकदा इजा झालेल्या किडनीला पुढे जुनाट आजार व्हायची शक्यता जास्त असते. सिसप्लॅटिनमधलं प्लॅटिनम तर काही लोकांच्या रक्तात वीस वर्षांनंतरही मोजता आलंय. वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीची तपासणी आणि बीपी एवढं बघायला काही फार खर्च येत नाही.

हे वाचणाऱ्यांत हेल्थकेअर डोमेनमध्ये काम करणारे बरेच जण आहेत, हे मला माहीत आहे. तुमच्यापैकी कुणी लॅबचं सॉफ्टवेअर लिहीत असेल, तर पुढच्या स्प्रिंटच्या मीटिंगमध्ये एवढा एक कॉलम मांडून बघा. "मागील निकाल" आणि त्यापुढे "किती पट". टेस्टिंगसकट आठवड्याभराचं काम. क्लायंट विचारेल, यातून धंदा काय वाढणार? त्याला सांगा, एका डायलिसिसला जितके तास लागतात तितक्यात याचा डेमो होतो.

तूर्तास इतकंच. कुणाच्या घरी फाइल चालू असेल तर आधीचा कागद काढा आणि नव्याच्या शेजारी ठेवून बघा.